मानाच्या विटेची आंघोळ

दुर्गेश्वरीच्या तोंडातून एकदा शब्द सुटला की त्याला परत आणायला एसटीसुद्धा मिळत नाही, असं तिची आई सुशिलाबाई म्हणायची. आणि त्या सोमवारी मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये, सिव्हिलच्या सेकंड इयरच्या अख्ख्या वर्गासमोर जे सुटलं ते असं होतं : "आमच्या बाबाच्या इटेपुढं तुमच्या चिमणीवाल्या इटा म्हणजे बिस्किटं. चहात बुडवा न् खा!"

हे योगराजला होतं. योगराजच्या काकाचा गोंदियाबाहेर उंच चिमणीचा भट्टा होता, आणि हे पोट्टं प्रत्येक वाक्य "हमारे यहाँ" नं सुरू करायचं. "हमारे यहाँ की ईंट तो बजती है यार, घंटी की तरह," असं तो म्हणाला आणि इकडे दुर्गेश्वरीचं डोकं पेटलं.

दीड वर्षापूर्वीची दुर्गेश्वरी असती तर खाली मान घालून वहीला मार्जिन आखत बसली असती. बोदलकसाच्या वाटेवरच्या गावातून गोंदियाच्या पॉलिटेक्निकला आली तेव्हा तिला हजेरीला "येस सर" म्हणतानाही घाम फुटायचा. मग एका दिवशी स्लम्प टेस्टच्या, म्हणजे ओलं काँक्रीट किती बसतं ते मोजायच्या, वेळी तिनं काँक्रीटवरचा तो पत्र्याचा शंकू इतका सरळ, इतका अलगद उचलला की रहांगडाले सर म्हणाले, "वा. हात आहे." एवढंच! पण तेव्हापासून हात होता तो होताच, वरून तोंडही आलं.

"भांडू नका," रहांगडाले सर म्हणाले. सर कधी ओरडत नसत, त्यामुळे सगळे ऐकत. "विटेचं भांडण पाणी सोडवतं. प्रत्येक गटानं आपापल्या गावच्या पाच विटा आणा. चोवीस तास ओव्हनमध्ये सुकवायच्या, वजन करायचं. मग चोवीस तास पाण्यात बुडवायच्या, परत वजन. जी वीट कमी पाणी प्यायली ती चांगली. आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त पिणारी वीट नसते, तो स्पंज असतो."

योगराजनं कॉलर ताठ केली.

"आणि एक," सर बोट वर करून म्हणाले. "विटा निवडून आणायच्या नाहीत. डोळे मिटा, ढिगात हात घाला, हाताला लागेल ती उचला. सुंदर-सुंदर बघून आणली तर ती टेस्ट नाही, तो मुलगी दाखवायचा कार्यक्रम झाला."

सगळे हसले. दुर्गेश्वरी सगळ्यात मोठ्यानं हसली. ते हसू नंतर तिला महाग पडायचं होतं.

मंगळवारी उजाडताच ती घरामागच्या भट्ट्यावर गेली. बाबानं, म्हणजे चैतरामनं, नव्या भट्ट्याची रचाई पूर्ण करत आणली होती. कच्च्या विटांचे थर, मधे धानाचा कोंडा, पुन्हा विटा. शनिवारी भट्टा पेटवायचा होता. शेजारी मागच्या खेपेच्या पक्क्या विटांचा चट्टा होता. दुर्गेश्वरीनं खरंच डोळे मिटले. एक वीट घेतली. दुसरी. तिसरी. चौथी घेतली तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिसरीचा एक कोपरा उडालेला आहे आणि दुसरी जराशी पिवळट आहे. योगराजचा चेहरा तिला दिसला. डोळे मिटलेले असूनही दिसला.

तिनं डोळे उघडले. आणि समोरच, मोहाच्या झाडाखालच्या कोनाड्यात, मानाची वीट बसलेली होती.

आता ही मानाची वीट म्हणजे काय, तर सतरा वर्षांपूर्वी, दुर्गेश्वरी जन्मली त्या वर्षी, चैतरामनं पहिला भट्टा लावला. त्यातून निघालेली पहिली वीट त्यानं विकली नाही. झाडाखाली बसवली. दर शनिवारी सुशिलाबाई तिला जवसाचं तेल चोळायची, हळदकुंकू लावायची, आणि नवा भट्टा पेटवताना चैतराम पहिली काडी तिला दाखवूनच कोंड्याला लावायचा. एका वर्षी घाईत दाखवायची राहिली तर अर्धा भट्टा कच्चा निघाला, असं बाबा अजून सांगायचे. मानाच्या विटेशिवाय भट्टा पेटवायचा म्हणजे नवरदेवाशिवाय वरात काढायची!

पण काय देखणी होती ती! काळसर लाल, चकचकीत, चारही कोपरे जागच्या जागी.

"पाण्यात तं बुडवाची हाये," दुर्गेश्वरी स्वतःला म्हणाली. "फोडाची थोडीच हाये? आंघोळ घालून आणतो तिले. शुक्रवारच्या आत जाग्यावर."

तिनं कोनाड्यात दुसरी एक साधी वीट ठेवली, तिच्यावर भरभरून हळदकुंकू टाकलं, आणि मानाची वीट हापशीवर नेऊन नारळाच्या शेंडीनं घासली. हळद गेली. तेल काही गेलं नाही, तेल आत मुरलेलं होतं.

एसटीत कंडक्टरनं पोतं पाहिलं. "काय हाये याच्यात?"

"इटा."

"किती?"

"पाच."

"मंग पाच हाफ तिकिटा काढू का? का बाराच्या वर हायेत?"

शेजारी बसलेली रीना खुदखुदली. रीना तिची मैत्रीण, तिच्याच गटातली, आणि फार शहाणी. तिनं पोत्यात डोकावून पाहिलं, मग दुर्गेश्वरीकडे पाहिलं. "काऊन वो, हे एकच काऊन अशी चमकून राहिली?"

"जास्त भाजली असन."

"तुहं डोकं जास्त भाजलं," रीना म्हणाली. पण पोतं उचलायला तिनंच हात लावला.

लॅबमध्ये बिसरामकाकांचं राज्य होतं. काका अटेंडंट होते, रिटायरमेंटला आलेले, आणि त्यांचं नाक त्या लॅबमधलं सगळ्यात अचूक उपकरण होतं. सिमेंट कुठल्या आठवड्यात आलं ते वासावरून सांगायचे. काकांनी पांढऱ्या पेंटनं दुर्गेश्वरीच्या ड गटाच्या विटांवर नंबर घातले : ड-१, ड-२, ड-३, ड-४. पाचवीला हात लावून ते थांबले, बोटं एकमेकांवर चोळली, आणि मग लिहिलं : ड-५.

"काका," दुर्गेश्वरीनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "हा पेंट निघते ना जी?"

"निघते म्हणजे? पोरी, हा पेंट काढाचा असन तं ईट फोडा लागते."

ही पहिली अडचण.

दुसरी आली बुधवारी सकाळी. ओव्हन रात्रभर एकशेपाच डिग्रीवर चालू होता, आणि लॅबचं दार उघडलं तर आत वास! सिमेंटचा नाही, मातीचा नाही. गरमागरम, खमंग, तोंडाला पाणी सुटेल असा.

"ओव्हनमधी कोणं जवसाची चटणी भाजून राहिला बे?" बिसरामकाका दारातूनच गरजले.

अख्खा वर्ग ओव्हनभोवती जमला. कोणी म्हणालं भाकर आणा. योगराज म्हणाला, "हमारे यहाँ की ईंट में ऐसी खुशबू नहीं आती." दुर्गेश्वरी म्हणाली, "तुमच्या इटेले चवच नाई." पण म्हणताना तिनं रीनाकडे पाहिलं नाही. वजन झालं, नोंद झाली, विटा टाकीत गेल्या.

आणि गुरुवारी दुपारी तो आकडा आला.

ड-१ ते ड-४ चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास प्यायल्या होत्या. ठीक. योगराजच्या पाचही तेवढ्याच, कुठे थोडं कमी, कुठे थोडं जास्त. मग रीनानं ड-५ कापडानं पुसून काट्यावर ठेवली. सुकी होती तेव्हा तीन किलो एकशेचाळीस ग्रॅम. आता तीन किलो दोनशे.

"फक्त साठ?" सर म्हणाले. "परत ठेव."

परत साठ.

सरांनी स्वतः हिशोब केला. एक पॉइंट नऊ टक्के! चष्मा काढला, पुसला, घातला. आकडा तोच. "अशी वीट मी आयुष्यात पाहिली नाही," ते म्हणाले, आणि फळ्यावर १.९ लिहून त्याला चौकोन काढला. मग एचओडींना बोलावलं. एचओडींनी वीट हातात घेऊन वर-खाली केली, जशी बाजारात पपई करतात. शेजारच्या वर्गातले खिडकीत लटकले. योगराजचं तोंड तर असं झालं होतं की बस, फोटो काढावा. दुर्गेश्वरीनं काढलाही.

पाच मिनिटं ती जगातली सगळ्यात सुखी मुलगी होती.

"बिसराम," सर म्हणाले, "उद्या या ड-५ च्या खाचेत मसाला भरून घ्या. सोमवारी मशीनमध्ये घालू. पाणी न पिणारी वीट किती भार घेते, बघू दे सगळ्यांना. फुटेपर्यंत दाबू."

फुटेपर्यंत!

विटेच्या एका अंगाला जी खाच असते ती दाबायच्या आधी सिमेंटच्या मसाल्यानं भरून सपाट करावी लागते. म्हणजे उद्या सिमेंट, सोमवारी चुरा, आणि मधे शनिवारी घरी हळदकुंकू घेऊन उभी असलेली आई. दुर्गेश्वरीला सुखाचं सहावं मिनिट काही मिळालं नाही.

"सांगून टाक," बसमध्ये रीना म्हणाली.

"सांगू? योगराजसमोर? फळ्यावर चौकोन हाये वो माया नावाले!"

"मंग काय करतं?"

दुर्गेश्वरी हसली. हे तेच हसू होतं जे पाहून रीनाला आपल्या आईची आठवण यायची आणि घरी जावंसं वाटायचं.

शुक्रवारी दुर्गेश्वरीच्या दप्तरात चट्ट्यातली एक साधी वीट होती. अंगावर पांढऱ्या रंगात ड-५. जवसाची बाटली आईच्या नजरेसमोर होती, म्हणून हिनं विटेला जे हाताला लागलं ते तेल चोळलं होतं. डब्याच्या सुट्टीत काका चहाला गेले आणि अदलाबदल झाली. मानाची वीट दप्तरात, तोतया टेबलावर. दीड मिनिटात काम! दुर्गेश्वरी इतकी खूश झाली की तिनं रीनाच्या डब्यातला भातही संपवला.

सुट्टीनंतर काकांनी मसाला कालवला. थापी घेतली. वीट उचलली. आणि तशीच नाकाजवळ नेली.

"सर," काका म्हणाले, "या इटेले आवळ्याचा वास येऊन राहिला."

"कसला?"

"आवळ्याचा. केसाले लावते ते तेल. कालपावतो हे ईट चटणी होती, आज पार्लरमधून आली."

वर्ग फुटला. योगराज बाकावर डोकं ठेवून हसत होता. सर हसले नाहीत. त्यांनी वीट काट्यावर ठेवली. "तीन किलो पस्तीस," ते म्हणाले. "काल दोनशे होती. एका रात्रीत एकशेपासष्ट ग्रॅम वाळली म्हणू, पण लांबीसुद्धा कमी झाली?" मग त्यांनी वर्गाकडे पाहिलं, कुणा एकाकडे नाही. "खरी ड-५ कुठेतरी आहे. ज्याच्याकडे असेल त्यानं काकांकडे द्यावी. काका खाच भरतील. मी काही विचारणार नाही. फळ्यावरचा आकडा तसाच राहील."

म्हणजे सुटका होती! दप्तर उघडायचं, वीट द्यायची, आणि १.९ कायमचा आपला. दुर्गेश्वरीनं दप्तरावर हात ठेवला. आत मानाची वीट गुडघ्याला टेकून बसली होती, मांजर बसतं तशी. काकांच्या थापीवर मसाला तयार होता, ओला, राखाडी. तिला बाबा दिसले, हातात काडी घेऊन कोनाड्यापुढे वाकलेले.

ती उभी राहिली.

"सर, देत नाई मी."

"का?"

"ते ईट नाई. म्हणजे ईटच हाये. पण देव हाये." आणि मग एसटी सुटली. कोनाडा, मोहाचं झाड, सतरा वर्षं, शनिवारचं तेल, चार विटा डोळे मिटून आणि पाचवी डोळे उघडे ठेवून, सगळं. "पाणी नाई प्याली कारण तिच्यात जवसाचं तेल मुरलं हाये, सर. वरून ओव्हनमधी भाजलं. आमचे बाबा चांगल्या इटा बनवते, पण एवढ्या नाई. फळा पुसून टाका जी."



सर फळ्याकडे गेले. चौकोन पुसला. १.९ पुसला. मग पूर्ण ड गटच पुसला. रीना पुटपुटली, "मायाबी आकडा गेला."

"तुमची टेस्ट रद्द," सर म्हणाले. "नव्या पाच विटा. आणि या वेळी ड गटाच्या विटा योगराज उचलेल. उद्या. भट्ट्यावर जाऊन. डोळ्याला कपडा बांधून."

"मैं?" योगराज ताडकन उठला. "इतनी दूर?"

"हमारे यहाँ बस जाती है," दुर्गेश्वरी म्हणाली. तोंड म्हणजे तोंड!

जाताना काकांनी तिला हाक मारली. "आण तो तुहा देव इकडं. असाच नेतं का? खाचेत चिखल भरून हाये." त्यांनी तारेचा ब्रश घेतला आणि तळाच्या खाचेत वर्षानुवर्षं बसलेला मातीचा लपका हळूहळू खरवडला. आत अक्षरं होती. भट्टेवाल्याचा साच्यातला शिक्का. काकांनी फुंकर मारली. "वा, तुयंच नाव हाये का वो?"

"दुर्गा", असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

दुर्गेश्वरी बघतच राहिली. बाबांच्या जुन्या साच्यात नुसतं "चै" असायचं. "दुर्गा" नावाचा साचा तिरोड्याच्या सुताराकडून करून आणला तो ती नववीत असताना. म्हणजे फार तर तीन वर्षांमागे. मग सतरा वर्षांपूर्वीच्या विटेत हे नाव आलं कसं?

तिनं वीट उलटी केली, सुलटी केली. मग तिचे ओठ हळूच एका बाजूला सरकले.

शनिवारी सकाळी सुशिलाबाई तेलाची वाटी घेऊन कोनाड्याशी आली. वीट जागेवर होती. वाटी खाली ठेवून तिनं हळद उचलली आणि हात हवेतच राहिला. विटेच्या कडेला, हळदीच्या सारवणाखालून, पांढऱ्याफटक रंगात ड-५ दिसत होतं.

"दुर्गे!"

"काय वो, आई?"

"हे काय हाये?"

"कुठं काय?"

"देवाले नंबर कोणं देल्ला? तुया कॉलेजचा दिसते हा. नेली होती का तू इले? खरं सांग, नाई तं बाबाले आवाज देतो मी."

"देजो," दुर्गेश्वरी शेजारी उकिडवी बसली. "पण अगोदर हे सांग, सतरा वर्षाच्या इटेवर तीन वर्षाच्या साच्याचं नाव कसं आलं?"

सुशिलाबाईनं भट्ट्याकडे पाहिलं. चैतराम तिकडे कोंड्याची टोपली ओतत होता. मग तिनं लेकीकडे पाहिलं. मग वाटीकडे. आणि पदर तोंडात कोंबला तरी हसू बाहेर आलंच.

"हळू बोल, पोट्टे," ती म्हणाली. "मी नारळ फोडाले बसली होती. दगड नाई दिसला, म्हणून इच्याच कोपऱ्यावर आपटला. नारळ नाई फुटला. ईट फुटली! बरोबर दोन तुकडे."

"देव फुटला?"

"पह्यल्या भट्ट्याची ईट ते, अर्धी कच्चीच होती. तुया बाबाले तवा कुठं येत होतं? मी तुकडे तितंच पुरले न् चट्ट्यातली एक उचलून बसवली. डोये मिटून उचलली, देवाशपथ."

"डोळे मिटून," दुर्गेश्वरी म्हणाली. "म्हणजे तुयी टेस्ट बरोबर झाली."

"आन् तवापासून एक भट्टा कच्चा निंगाला का, सांग? सांग ना!"

दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या तेवढ्यात योगराज आला. कपड्यांवर बसची धूळ, हातात सरांची चिठ्ठी, मागे रीना. रीनानं आपल्या ओढणीनं त्याचे डोळे बांधले, दोन गिरक्या दिल्या आणि चट्ट्याच्या दिशेनं सोडलं. पण गिरक्या जरा जास्तच झाल्या असाव्यात. पोट्टा हात पुढे करून चालत निघाला तो थेट मोहाच्या झाडाकडे, कोनाड्याकडे, आणि त्याची बोटं विटेपासून वीतभर अंतरावर आली तेव्हा मायलेकी एकदम किंचाळल्या, "ते नाई!"

"क्या हुआ?" योगराज जागच्या जागी दगड झाला. "साँप है क्या?"

"त्याच्याऊन बी मोठं हाये," सुशिलाबाई म्हणाली आणि त्याला दंडाला धरून चट्ट्यापाशी नेऊन उभं केलं.

त्यानं पाच उचलल्या. एक पिवळट होती, एक कोपरा उडालेली. दुर्गेश्वरीनं "च्" केलं, पण बदलायला सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात फळ्यावर दोन आकडे आले : योगराज चौदा पॉइंट दोन, ड गट चौदा पॉइंट पाच. हरली. पॉइंट तीननं हरली, आणि पॉइंट तीन म्हणजे एका विटेमागे जेमतेम चहाचे दोन चमचे पाणी, हे तिनं वर्गात प्रत्येकाला, योगराजला दोनदा आणि बिसरामकाकांना चहा पिताना समजावून सांगितलं.

योगराज आला त्या शनिवारी भट्टा मात्र वेळेवर पेटला. चैतरामनं काडी ओढली, हाताच्या ओंजळीत सांभाळत कोनाड्यापुढे वाकला आणि थबकला.

"अवो, हे इच्यावर ड-पाच काय लिहून हाये?"

दुर्गेश्वरीनं आईकडे पाहिलं. सुशिलाबाईनं तेलाचं बोट अगदी शांतपणे त्या नंबरावरून फिरवलं, तो आणखीच चमकला.

"कॉलेजात जाऊन आली ते," ती म्हणाली. "पेटवा आता, काडी इझते."